घरघंटी बाजारात विकण्याआधी लागणारा सुरक्षा-परवाना: नेमके काय करावे आणि कोणत्या क्रमाने?

भरड

नमस्कार मंडळी. पुण्यात धायरीत आमची एक लहान शेड आहे. मी आणि माझे यजमान मिळून तिथे घरघंटी तयार करतो. मोटार तयार विकत घेतो. दळणाचे चेंबर, पाती आणि जाळ्या जवळच्याच एका वर्कशॉपमधून करून घेतो, प्लायचे कपाट स्वतः बांधतो, आणि जोडणी व वायरिंगही आमचेच असते. आजवर ही यंत्रे ओळखीच्या घरांत आणि काही बचत गटांना दिली. आता तपकीर गल्लीतील एका दुकानदाराने महिन्याला ठरावीक नग घेण्याची तयारी दाखवली आहे, मात्र "आय.एस.आय. चिन्हाशिवाय मी माल दुकानात उतरवून घेणार नाही" असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे.

त्यानंतर एका सल्लागारांची गाठ पडली. ते म्हणाले की आठ दिवसांत सी.ई. आणि आय.एस.ओ. ९००१ अशी दोन्ही प्रमाणपत्रे आणून देतो, तेवढ्यावर कोणीही हरकत घेत नाही. त्यांनी मागितलेली रक्कम आम्हाला परवडण्यासारखी आहे, तरी मन तयार होत नाही, कारण ते आमचे यंत्र बघायलाही आले नाहीत.

म्हणून जाणकारांना विचारते. आमच्यासारख्या लहान उत्पादकालाही हा नियम लागू होतो का? मोटारीवर आय.एस.आय. चिन्ह असेल तर संपूर्ण घरघंटीसाठी ते पुरते का? चाचणी आधी, अर्ज आधी की यंत्रातील सुधारणा आधी? आणि शेडमध्ये तयार असलेल्या यंत्रांचे काय करावे? आपल्यापैकी कोणी ही वाट चाललेले असेल तर सविस्तर लिहावे, ही विनंती.

चाचणीघर

ताई, मी बरीच वर्षे विद्युत उपकरणांच्या चाचणी प्रयोगशाळेत काम केले आहे. प्रमाणपत्र देणारा माणूस यंत्र न पाहता ते देतो म्हणाला आणि तुम्हाला शंका आली, ती अगदी योग्य होती.

सी.ई. हे चिन्ह युरोपातील बाजारपेठेसाठी आहे. तिथल्या कमी दाबाच्या विद्युत उपकरणांविषयीच्या २०१४ च्या निर्देशानुसार उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर घोषणा करतो आणि ते चिन्ह लावतो. भारतात विक्रीची परवानगी म्हणून त्याला काहीही अर्थ नाही. आय.एस.ओ. ९००१ हे तर संस्थेच्या कामकाजपद्धतीचे प्रमाणपत्र आहे. तुमच्या शेडमधील नोंदी आणि कामाची शिस्त नीट आहे, एवढेच त्यातून कळेल. यंत्राच्या अंगाला हात लावल्यावर शॉक बसेल की नाही, याविषयी ते प्रमाणपत्र काहीच सांगत नाही.

आपल्याकडे या विषयाचा पाया म्हणजे भारतीय मानक ब्युरो अधिनियम, २०१६. त्याच्या कलम १६ नुसार केंद्र सरकार एखाद्या वस्तूसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढते आणि त्या वस्तूवर मानकचिन्ह, म्हणजेच आय.एस.आय. चिन्ह, सक्तीचे होते. एकदा ते सक्तीचे झाले की कलम १७ लागू होते. त्या कलमाची भाषा मूळातून वाचावी, कारण केवळ "विक्री करू नये" एवढेच त्यात म्हटलेले नाही. वैध परवान्याशिवाय अशी वस्तू तयार करणे, आयात करणे, वितरित करणे, विकणे, भाड्याने देणे, विक्रीसाठी साठवणे किंवा विक्रीसाठी मांडून ठेवणे, या सगळ्यालाच मनाई आहे. म्हणजे प्रदर्शनातल्या टेबलावर यंत्र मांडून नोंदणी घेणेही त्यात येते.

विजेच्या वायर, इस्त्री, पाणी तापवण्याचे हीटर, स्विच, प्लग-सॉकेट यांना असे आदेश फार आधीपासून लागू आहेत. २००३ च्या आदेशाने त्यातल्या बऱ्याच वस्तू सक्तीच्या कक्षेत आणल्या. घरघंटीसारखी उपकरणे मात्र अनेक वर्षे या यादीबाहेर राहिली, आणि "आम्हाला कधी कोणी विचारले नाही" असे जे उत्पादक सांगतात त्याचे कारण हेच आहे. घरगुती, व्यापारी आणि तत्सम विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेविषयीच्या नव्या आदेशामुळे हे चित्र बदलले. तो आदेश प्रथम २०२४ मध्ये निघाला आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आदेश आला. एकेका वस्तूचे नाव घेण्याऐवजी त्याने आय.एस. ३०२ (भाग १) हे सर्वसाधारण सुरक्षा मानकच आधाराला धरले आहे, त्यामुळे ज्यांच्यासाठी वेगळा आदेश नाही अशी एकफेजी २५० व्होल्टपर्यंतची उपकरणे त्याच्या कक्षेत येतात. अंमलाची तारीख यापूर्वी पुढे गेलेली आहे आणि अशा आदेशांत लघु व सूक्ष्म उद्योगांना सहसा अधिक मुदत असते. म्हणून कोणी सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका. राजपत्रातील आदेश आणि त्यातील ताज्या दुरुस्त्या मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या असतात, त्या छापून शेडमध्ये लावाव्यात.

मोटारीविषयी थोडक्यात सांगतो. मोटारीवरचे चिन्ह मोटारीपुरतेच असते. घरघंटी हे वेगळे उपकरण आहे आणि तिचा परवाना वेगळाच घ्यावा लागतो. मात्र चांगल्या चिन्हांकित मोटारी, वायर आणि स्विच वापरल्यास चाचणीतील बराच त्रास वाचतो, कारण त्या भागांच्या चाचण्या पुन्हा मुळापासून कराव्या लागण्याची शक्यता कमी होते.

तपकीर_गल्ली

ताई, आपल्याशी बोललेला दुकानदार मी नव्हे, परंतु त्याच गल्लीत आमचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे, म्हणून दुकानदाराची बाजू लिहितो.

चाचणीघर काकांनी सांगितलेल्या कलम १७ मधील "साठवणे" आणि "मांडणे" हे दोन शब्द आमच्या धंद्यासाठी फार महत्त्वाचे आहेत. माल आमचा नसला, नुसता विक्रीसाठी ठेवायला घेतलेला असला, तरी जबाबदारी आमच्यावर येते. २०१६ च्या कायद्यातील कलम २९ नुसार पहिल्या वेळी दोन लाख रुपयांपेक्षा कमी नाही इतका दंड, पुढच्या वेळी पाच लाखांपेक्षा कमी नाही इतका, आणि तो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. शिवाय दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. मार्च २०२५ मध्ये मानक ब्युरोने देशातील काही शहरांत ऑनलाइन विक्री करणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या गोदामांवर छापे घालून चिन्ह नसलेला माल जप्त केला होता. तेवढ्या मोठ्या गोदामांची झडती होत असेल तर बुधवार पेठेतील पोटमाळा काही लांब नाही.

तेव्हापासून आमच्या दुकानात एक पद्धत पाळली जाते. कोणताही नवा उत्पादक आला की त्याच्या खोक्यावरील सी.एम./एल. या अक्षरांपुढचा परवाना क्रमांक बी.आय.एस. केअर या ॲपमध्ये टाकून पाहतो. उत्पादकाचे नाव, पत्ता, मानकाचा क्रमांक आणि परवाना चालू आहे की संपला, हे तिथे लगेच दिसते. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असायलाच हवा. नुसते चिन्ह छापलेले असेल, तर तो माल मी हातातही घेत नाही. काही वेळा क्रमांक खरा निघतो, पण तो दुसऱ्याच कारखान्याचा असतो, किंवा परवाना पंख्याचा आणि चिन्ह मिक्सरवर असे असते. परवाना हा त्या कारखान्याचा, त्या मानकाचा आणि त्यात नोंदलेल्या प्रकारांचा असतो. तो उसना घेता येत नाही किंवा वाटूनही घेता येत नाही.

एक विनंती आहे. परवाना मिळाल्यावर त्याच्यासोबत खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हेही छापून आणा. वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार ते लागते आणि त्यातील एखादी गोष्ट राहिली तर तपासणीला येणारा निरीक्षक वेगळा असतो, पण दंड आम्हालाच भरावा लागतो.

भरड

दोघांचेही मनापासून आभार. सल्लागारांना नाही म्हणून कळवले आहे.

काका, आता थेट विचारते. प्रयोगशाळेत आमच्या यंत्राचे नेमके काय काय पाहतील? ते आधी कळले तर आम्ही त्या दिशेने यंत्रात बदल करू शकू. आमच्या यंत्राला एक अश्वशक्तीची मोटार आहे, दार उघडले की मोटार बंद व्हावी म्हणून एक लहान स्विच बसवलेला आहे, आणि बाहेरचे सगळे अंग प्लायचे असल्याने अर्थिंगची फारशी गरज नाही असे आम्हाला वायरिंग करून देणाऱ्याने सांगितले होते.

चाचणीघर

ताई, शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. कपाट प्लायचे असले तरी धान्य ओतायचे वरचे भांडे, चेंबरचे झाकण, दाराची कडी, बिजागऱ्या आणि बाहेर डोकावणारे स्क्रू धातूचेच असतात. मोटारीच्या गुंडाळीचे इन्सुलेशन खराब झाले, तर मोटारीच्या अंगातून चेंबरपर्यंत आणि तिथून भांड्यापर्यंत वीज पोहोचू शकते. हात लागू शकेल आणि बिघाड झाल्यास वीज येऊ शकेल, असा प्रत्येक धातूचा भाग अर्थिंगच्या पट्टीला पक्का जोडलेला असला पाहिजे. चाचणीत प्लगची अर्थ-पिन आणि तो भाग यांच्यामधून किमान २५ अँपिअर प्रवाह सोडतात आणि विरोध मोजतात. पुरवठ्याच्या दोरीचा (प्लगपासून यंत्रापर्यंतच्या वायरीचा) स्वतःचा विरोध वगळून तो ०.१ ओहमपेक्षा जास्त असता कामा नये. रंगावर किंवा गंजावर कसलेला नट ही कसोटी पार करत नाही. दातेरी वॉशर वापरा, रंग खरवडून धातूला धातू लागू द्या, आणि अर्थिंगचा स्क्रू दुसरे काहीही कसण्यासाठी वापरू नका.

पहिली तपासणी मात्र पाटीची असते. बहुतेक लहान उत्पादक पाटीवर "१ एच.पी." एवढेच लिहितात. अश्वशक्ती हे मोटारीच्या आसावर मिळणाऱ्या शक्तीचे माप आहे, म्हणजे ७४६ वॅट. मानकाला हवी असते ती उपकरण वीजजोडणीतून ओढते ती शक्ती. लहान एकफेजी मोटारीची कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या आसपास असेल, तर ती १,००० वॅटच्या पुढे जाते. भरलेल्या धान्यावर यंत्र चालवून वॅटमीटरवर मोजा आणि तोच आकडा पाटीवर लिहा. तीनशे वॅटच्या वरच्या मोटारीच्या उपकरणांत प्रत्यक्ष मोजमाप पाटीपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर यंत्र इथेच नापास होते. ती पाटी पाण्याने भिजलेल्या फडक्याने १५ सेकंद आणि मग पेट्रोलियम स्पिरिटच्या फडक्याने १५ सेकंद घासतात. तरीही अक्षरे वाचता आली पाहिजेत आणि पाटीच्या कडा वळलेल्या नसाव्यात. साध्या कागदी स्टिकरचा निकाल इथेच लागतो.

नंतर तापमानाची चाचणी होते. यंत्र भारावर चालवून मोटारीची गुंडाळी किती तापते ते पाहतात. तिथे तापमापी घालत नाहीत. तांब्याचा विरोध तापमानाबरोबर वाढतो, म्हणून थंड असतानाचा आणि बंद केल्याबरोबरचा विरोध मोजून त्यावरून तापमान काढतात. तुमची मोटार बंद कपाटात आहे, वर पिठाची धूळ बसते, आणि हवा जायला जागा किती ठेवली आहे हे तुम्हालाच ठाऊक. मोटार उघड्यावर चालवून जे तापमान मिळते ते कपाटात मिळत नाही. हवेसाठी झडपा ठेवताना त्यांतून चाचणीचे कृत्रिम बोट आत जाऊन विजेच्या भागाला किंवा फिरत्या पात्याला लागणार नाही, याचीही काळजी घ्या.

यानंतर मोटार अडकवून पाहतात. धान्यात खडा आला, पाती अडकली आणि घरातले माणूस स्वयंपाकघरात असले, तर काय होते? गुंडाळी जळून आग लागता कामा नये. अतिभाराचा तापसंरक्षक असलेली मोटार घ्या, म्हणजे मर्यादेपलीकडे तापल्यावर ती आपोआप थांबेल. तो संरक्षक थंड झाल्यावर स्वतःच पुन्हा चालू होणारा असेल, तर दार उघडे असताना मोटार फिरू लागणार नाही ना, हे नीट तपासा. दाराचा स्विच बोटाने किंवा कृत्रिम बोटाने दाबता येईल अशा जागी नको. लहान मूल दार उघडे ठेवून तो दाबेल आणि पाते फिरेल, ही कल्पनाच सहन होत नाही. मी स्वतः यंत्र तपासायला घेतले की सगळ्यात आधी हा स्विच बघत असे.

आर्द्रतेची कसोटी ४८ तास चालते. सुमारे ९३ टक्के दमट हवेत यंत्र ठेवतात आणि लगेच गळतीचा प्रवाह (इन्सुलेशनमधून झिरपणारी वीज) व इन्सुलेशनची ताकद मोजतात. प्लाय आणि कापडी इन्सुलेशन ओल धरते, त्यामुळे पुण्याच्या उन्हाळ्यात उत्तम वाटलेले यंत्र इथे मार खाते. १८ किलोपेक्षा जड आणि चालू असताना हलवायचे नसलेले उपकरण स्थिर समजतात. मोटारीवर चालणाऱ्या अशा उपकरणाला गळतीची मर्यादा ३.५ मिलिअँपिअर आहे. उचलून न्यायच्या अर्थिंगवाल्या उपकरणाला ती अवघी ०.७५ आहे. इन्सुलेशनवर १,२५० व्होल्टचा दाब एक मिनिट देतात आणि ते फुटता कामा नये.

शेवटी दोरी. यंत्राचे वजन चार किलोच्या पुढे असल्याने दोरीला १०० न्यूटनच्या जोराने पंचवीस वेळा ओढतात आणि ती दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली तर नापास. आत नुसती गाठ मारून ठेवलेली वायर मानकाला चालतच नाही. योग्य मापाचा क्लॅम्प बसवा. त्याचा खर्च किरकोळ आहे आणि तो नसल्याने परत आलेली यंत्रे मी असंख्य पाहिली आहेत.

वाड्यातला_वायरमन

चाचणीघर काकांच्या अर्थिंगच्या मुद्द्याला एक जोड देतो. मी पेठांमधील जुन्या वाड्यांची आणि जुन्या इमारतींची वायरिंग दुरुस्त करतो. तिथे तीन छिद्रांचे सॉकेट भिंतीवर असते, पण त्याच्या वरच्या छिद्रामागे तारच जोडलेली नसते, असे मला वारंवार आढळते. आपले यंत्र प्रयोगशाळेत कितीही उत्तम ठरले, तरी अशा घरात त्याच्या अर्थिंगचा काही उपयोग होत नाही. म्हणून उत्पादकाने आतील इन्सुलेशनवर कधीच काटकसर करू नये, कारण अर्थिंग ही दुसरी फळी आहे आणि काही घरांत ती फळी नाहीच.

ताई, आपल्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहा की यंत्र अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच जोडावे आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. हे पत्रक मराठीत असावे आणि पहिल्याच पानावर असावे. ग्राहकाच्या घरी यंत्र बसवायला तुमचा माणूस जात असेल, तर त्याने टेस्टरच्या दिव्यावर भागवू नये. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावून तो पाहावा. तिथे २३० व्होल्टच्या जवळपास दाब दाखवला नाही, तर अर्थिंग नाही असे समजून यंत्र जोडू नये. मीटरने दाब दाखवला तरी अर्थिंग सक्षमच आहे असे होत नाही, परंतु निदान तार तुटलेली नाही एवढे कळते.

नऱ्हे_उद्योग

इथवरची चर्चा अत्यंत उपयुक्त आहे, तरीही लहान उत्पादकाची अडचण मांडल्याशिवाय राहवत नाही. आमचाही नऱ्ह्यात लहान कारखाना आहे आणि आम्ही दुसऱ्या एका घरगुती उपकरणासाठी परवाना घेतला आहे. अर्जाचे आणि वार्षिक परवान्याचे सरकारी शुल्क मोठे नाही. सूक्ष्म उद्योगांना, नवउद्योगांना आणि महिला उद्योजिकांना किमान मार्किंग शुल्कात (चिन्ह वापरण्याबद्दलच्या शुल्कात) सवलत आहे. आपले उद्यम नोंदणीपत्र अर्जासोबत जोडायला विसरू नका. खरा भार चाचणीच्या शुल्काचा आणि कारखान्यात उभ्या करायच्या चाचणी-साधनांचा असतो. वर्षाला शंभर यंत्रे करणाऱ्याला आणि लाखभर करणाऱ्याला त्याच मानकाची तीच चाचणी द्यावी लागते, म्हणजे प्रत्येक नगावरचा बोजा लहानाला कित्येक पटींनी जास्त पडतो. सरकारने औद्योगिक वसाहतींत सामाईक चाचणी केंद्रे वाढवावीत, असे माझे ठाम मत आहे. मात्र या कारणाने नियमच नको, असे मी कधीही म्हणणार नाही. शॉक बसणाऱ्या माणसाला तो मोठ्या कारखान्याच्या यंत्राचा बसला की लहान, याने काहीच फरक पडत नाही.

क्रमाविषयी अनुभव सांगतो. आम्ही आधी मानक विकत न घेता वाचायला मिळवले. मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून भारतीय मानके विनामूल्य उतरवून घेता येतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. त्याच ठिकाणी त्या वस्तूसाठीची उत्पादन पुस्तिका आणि तपासणी व चाचणीची योजना मिळते का ते पाहा. कारखान्यात कोणत्या चाचण्या, किती नगांवर आणि किती वेळा करायच्या, हे त्या योजनेत असते. त्यानंतर यंत्रात बदल केले, भागांची यादी पक्की केली, आणि मगच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना दिला. प्रयोगशाळेची मान्यता एकेका मानकासाठी स्वतंत्र असते. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या आवारात ई.टी.डी.सी. ही सरकारी प्रयोगशाळा आहे, मुंबई-वडोदऱ्यातही प्रयोगशाळा आहेत, पण आपल्या मानकाचा क्रमांक घालून ब्युरोच्या यादीत शोधावे आणि मगच गाडीभाडे खर्च करावे. अहवाल हातात आल्यावर मानकऑनलाइन या संकेतस्थळावर अर्ज केला, अधिकारी कारखाना पाहून गेले, आणि त्यांनी नुसती यंत्रे नव्हे तर आमच्या मेगरचे (इन्सुलेशनचा विरोध मोजणाऱ्या मीटरचे) कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेचे, प्रमाणपत्र, कच्च्या मालाची बिले आणि चाचण्यांची वहीसुद्धा पाहिली.

नमुना पास झाल्यावर स्वस्त वायर किंवा दुसऱ्या बनावटीची मोटार लावण्याचा मोह अनेकांना होतो. ब्युरो बाजारातून आणि कारखान्यातून नमुने उचलत राहते. नमुना नापास झाला तर चिन्ह लावणे थांबवण्याची सूचना येते आणि सगळी घडी विस्कटते. भाग बदलायचा असेल तर आधी कळवा.

रोषणाई

थोडे शेजारचे विचारतो. गणेशोत्सवासाठी आम्ही एल.ई.डी. दिव्यांच्या माळा जोडून विकतो. आम्हालाही हाच आय.एस.आय. परवाना घ्यावा लागेल का?

चाचणीघर

नाही, तुमची वाट वेगळी आहे. दिव्यांच्या माळा, एल.ई.डी. बल्ब, त्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, ॲडॅप्टर या वस्तू अनिवार्य नोंदणी योजनेत येतात. ही योजना इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी २०१२ च्या आदेशाने सुरू झाली आणि पुढे तिच्यात वस्तूंची भर पडत गेली. इथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा ताजा अहवाल आणि उत्पादकाची स्वतःची घोषणा यांवर नोंदणी मिळते आणि वस्तूवर आर या अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक छापावा लागतो. माळांसाठी आय.एस. १०३२२ या मानकाचा दिव्यांच्या माळांविषयीचा विभाग पाहा. नोंदणी कारखाना, वस्तू आणि ब्रँड यांच्याशी बांधलेली असते. दुसऱ्याकडून तयार माळा घेऊन त्यावर आपले नाव लावायचे असेल, तर तुमच्या ब्रँडसाठी त्या कारखान्याच्या नावे वेगळी नोंदणी लागते. बाजारातून सुटे एल.ई.डी., वायर आणि प्लग आणून घरी डाग देऊन माळ केली की तुम्ही उत्पादक ठरता. मांडवात त्या माळा पावसात, लोखंडी खांबांवर आणि लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर लोंबत असतात, तेव्हा या नोंदणीकडे दुर्लक्ष करू नका.

भरड

सर्वांचे आभार मानते. आम्ही ठरवलेला क्रम असा आहे. या महिन्यात मानक वाचून वरच्या भांड्यापासून बिजागरीपर्यंत सगळीकडे अर्थिंगची पट्टी फिरवायची, तापसंरक्षक असलेली मोटार घ्यायची, दाराचा स्विच आत खोबणीत घ्यायचा आणि क्लॅम्प बसवायचा. नंतर वॅटमीटरवर मोजून पाटी करून घेऊ. प्रयोगशाळेत जाण्याआधी हातात घ्यायची साधने कोणती, एवढे कोणी सांगावे. आणि माझा सुरुवातीचा एक प्रश्न अजून बाकी आहे. शेडमध्ये तयार असलेल्या यंत्रांचे काय? परवाना मिळाल्यावर त्यांच्यावर चिन्ह लावता येईल का?

नऱ्हे_उद्योग

ताई, साधनांविषयी: उच्च दाबाचा परीक्षक, अर्थिंगचा विरोध मोजणारे यंत्र, मेगर, वॅटमीटर आणि गळतीचा प्रवाह मोजणारे मीटर. विकत घेताना कॅलिब्रेशन प्रमाणपत्र एन.ए.बी.एल. (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे आहे का ते पाहा. यांतील पहिली दोन साधने रोज लागतील, कारण कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नगावर अर्थिंगची आणि १,००० व्होल्टची तपासणी करून ती नोंदवायची असते. दहा अँपिअर प्रवाहावरील अर्थिंगची तपासणी आणि एक सेकंदाचा उच्च दाब यांना मिळून एका यंत्राला पाच मिनिटेही लागत नाहीत. नगाचा अनुक्रमांक, तारीख, दोन्ही आकडे आणि तपासणाऱ्याची सही, अशी वही आजपासूनच सुरू करा. परवान्यापूर्वीची वहीही अधिकाऱ्यांना दाखवता येते.

चाचणीघर

तयार यंत्रांविषयी मी लिहितो. परवाना मिळण्याआधी तयार झालेल्या वस्तूवर चिन्ह लावता येत नाही. परवान्याच्या तारखेनंतर, मान्य योजनेप्रमाणे तपासणी करून तयार झालेल्या मालावरच ते लागते. आदेशाची तारीख आपल्याला लागू झाल्यानंतर ही यंत्रे विकणे, बचत गटाला भाड्याने देणे किंवा विक्रीसाठी ठेवणे, यांतील काहीही करू नका. तारीख लागू होण्यापूर्वी विकायची असतील, तर वर सांगितलेले सगळे बदल करून आणि प्रत्येकाची तपासणी करूनच विका, कारण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचा मानकचिन्हाच्या तारखेशी संबंध नाही. दोन यंत्रे प्रयोगशाळेसाठी आणि एक अडकवून, तापवून पाहण्यासाठी बाजूला ठेवा. बाकीच्यांतून मोटारी आणि चेंबर सोडवून परवान्यानंतरच्या उत्पादनात तपासून वापरता येतील.

त्याहून निकडीचे म्हणजे आधी घरोघरी दिलेली यंत्रे. ती सगळी ओळखीच्या घरांत आहेत, म्हणजे पत्ते तुमच्याकडे आहेत. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता तुमच्या वायरमनला घेऊन त्या प्रत्येक घरी जा, भांडे आणि दाराची कडी अर्थिंगला जोडा, दोरीला क्लॅम्प लावा आणि सॉकेटमध्ये अर्थिंग आहे का ते मीटरने बघा. तोवर यंत्र वापरू नये, असा निरोप त्या सगळ्या घरांना आजच फोनवरून द्या.

भरड

यादी काढली आहे. फोन आज संध्याकाळी करते आणि रविवारपासून वडगाव व आनंदनगरच्या घरांपासून सुरुवात करतो. वायरमन दादा, फेज आणि अर्थमध्ये दाब कमी आला, तर घरमालकाला नेमके काय करायला सांगायचे, तेवढे लिहाल का?

वाड्यातला_वायरमन

ताई, मीटर २०० व्होल्टच्या खाली दाखवत असेल किंवा आकडा स्थिर राहत नसेल, तर सॉकेटपासून वितरण पेटीपर्यंतची अर्थिंगची तार तुटली आहे किंवा ती पेटीत जोडलेलीच नाही, असे धरावे. मालकाने परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून ती तार नव्याने ओढून घ्यावी आणि इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध मोजून घ्यावा. न्यूट्रलची तार अर्थ-पिनला जोडून "काम भागवणारे" लोक आहेत, त्यांना हात लावू देऊ नये. न्यूट्रल सैल झाली की यंत्राच्या सगळ्या धातूच्या अंगावर पूर्ण दाब येतो. मीटरवर २३० दिसूनही ही जोडणी तशीच असू शकते, म्हणून सॉकेट उघडून आत पाहूनच पुढे जा.